छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेचे तापणे

छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेचे तापणे म्हणजे अवजार उचलणाऱ्या व पेलून धरणाऱ्या द्रवचालित यंत्रणेतील तेलाचे तापमान नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाणे होय. ग्रामीण भागात या यंत्रणेला ‘लिफ्ट’ किंवा नुसते ‘हायड्रोलिक’ म्हणतात. तेल तापले की ते पातळ होते, उचल मंदावते, सील कडक होऊन गळती सुरू होते आणि पंपाची झीज वाढते. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत हेच तेल गिअरपेटी, मागील धुरा आणि तेलात बुडालेल्या ब्रेकसाठीही वापरले जाते. त्यामुळे लिफ्टमधील दोष संपूर्ण ट्रॅक्टरच्या आयुष्यावर परिणाम करतो. अशा वेळी पंप निकामी झाल्याचे गृहीत धरून तो बदलण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात तेलाची पातळी, गाळणी, लिव्हरची जुळणी आणि नळ्यांची जोडणी यांसारखी कमी खर्चाची कारणे आधी तपासणे आवश्यक असते.

भारतात साधारणतः २० अश्वशक्तीपर्यंतच्या ट्रॅक्टरला ‘मिनी ट्रॅक्टर’ म्हटले जाते. फळबागेसाठी वापरले जाणारे ३० अश्वशक्तीपर्यंतचे अरुंद ट्रॅक्टरही व्यवहारात ‘छोटे’ मानले जातात.

पार्श्वभूमी

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. ट्रॅक्टरची लिफ्ट याच नियमावर चालते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन या अभियंत्याने तीन बिंदूंवर अवजार जोडण्याची आणि ते तेलाच्या दाबाने नियंत्रित करण्याची पद्धत विकसित केली. ही पद्धत १९३६ साली फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर आणि १९३९ साली फोर्ड ९एन या ट्रॅक्टरवर बाजारात आली. त्यापूर्वी अवजार ट्रॅक्टरमागे ओढले जाई. आता ते ट्रॅक्टरचाच भाग बनून चालकाच्या हाताशी उचलले जाऊ लागले. आज भारतातील जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरवर तीन बिंदूंची जोडणी आढळते.

रचना आणि कार्य

छोट्या ट्रॅक्टरच्या यंत्रणेत पुढील भाग असतात.

तेलाची टाकी: स्वतंत्र टाकी नसल्यास गिअरपेटीचे व मागील धुऱ्याचे ओतीव लोखंडी कवचच टाकीचे काम करते. तेल थंड करण्याचे कामही मुख्यतः याच कवचाच्या पृष्ठभागाकडून होते.

गाळणी: पंपाकडे जाणाऱ्या मार्गावर जाळीची गाळणी किंवा बदलता येणारा फिल्टर असतो.

पंप: बहुधा इंजिनवर चालणारा गिअर पंप. इंजिन सुरू असेपर्यंत तो तेल ढकलत राहतो.

नियंत्रण झडप: चालकाच्या लिव्हरनुसार तेल सिलिंडरकडे पाठवणारी किंवा टाकीत परत सोडणारी झडप. लिव्हर तटस्थ असताना पंपाचे सर्व तेल अल्प दाबाने टाकीत परतते.

सिलिंडर आणि दट्ट्या: तेलाच्या दाबाने दट्ट्या सरकतो, आडवा दांडा फिरतो आणि खालच्या दोन भुजा वर येतात. ७५ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर १५० बार दाब पडला, तर सुमारे पावणेसात टनांइतका जोर निर्माण होतो. भुजांच्या टोकाशी तरफेमुळे तो बराच कमी होतो.

रिलीफ झडप: दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की उघडून तेल टाकीत सोडणारी सुरक्षा झडप. ती नसती, तर दाबाने नळी, पंप किंवा कवच फुटले असते.

फर्ग्युसन पद्धतीच्या काही ट्रॅक्टरांत नियंत्रण झडप पंपाच्या आधी, म्हणजे तेल ओढण्याच्या बाजूला असते. तटस्थ स्थितीत तेथे पंप तेल घेतच नाही. अशा ट्रॅक्टरांत बिघाड शोधण्याचा क्रम थोडा बदलतो; प्रस्तुत लेखातील विवेचन सतत तेल फिरवणाऱ्या यंत्रणेस अनुसरून आहे.

उष्णता कोठून येते

तेलाचा दाब एखादे काम करून उतरला, तर त्याची ऊर्जा त्या कामात खर्ची पडते. तो दाब काहीही काम न करता उतरला, तर ती सर्व ऊर्जा उष्णता बनून तेलातच राहते. तापलेल्या यंत्रणेची तपासणी म्हणजे तेलाचा दाब काम न करता नेमका कोठे उतरत आहे याचा शोध होय.

या उष्णतेचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. दर मिनिटाला वाहणारे तेल लिटरमध्ये आणि दाब बारमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार ६०० ने भागला की किलोवॅटमध्ये शक्ती मिळते. पंप मिनिटाला १८ लिटर तेल देत असेल आणि ते सर्व तेल १५० बार दाबाने रिलीफ झडपेतून सुटत असेल, तर ४.५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ६ अश्वशक्ती उष्णतेत जाते. २० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमध्ये हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. यंत्रणेत २० लिटर तेल असल्यास, लोखंडी कवचाने शोषलेली उष्णता वगळता, त्या तेलाचे तापमान मिनिटाला सुमारे ८ अंश सेल्सिअसने चढते.

याउलट २०० किलोचे अवजार अर्धा मीटर उचलण्यास केवळ एक किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. तासाभरात ते ५० वेळा उचलले आणि वाटेतील तोटा धरून हा आकडा दुप्पट केला, तरी एकूण उष्णता १०० किलोज्यूल भरते. रिलीफ झडप तेवढी उष्णता अवघ्या २२ सेकंदांत निर्माण करते. म्हणूनच लिफ्टचा वापर वारंवार होतो एवढ्यामुळे तेल सहसा अतिरेकी तापत नाही. त्यामागे बहुधा एखादा अडलेला, गळका किंवा चुकीने उघडा राहिलेला मार्ग असतो.

तापमानाची मर्यादा

काम सुरू असताना तेल ५० ते ७० अंशांपर्यंत तापणे स्वाभाविक आहे. सुमारे ८२ अंशांपलीकडे बहुतेक सामान्य सील लवकर खराब होतात आणि तेलाचे आयुष्य झपाट्याने घटते. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. जळका वास, काळसर रंग आणि चिकट थर ही त्याची लक्षणे होत.

६० अंश तापलेल्या लोखंडावर हात काही क्षणांपेक्षा जास्त टिकत नाही. त्यामुळे ‘हात लावता येत नाही’ एवढ्यावरून बिघाड ठरवणे योग्य नसते. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या तापमापकाने पंप, नियंत्रण झडप, परतीची नळी आणि कवच यांचे तापमान वेगवेगळे मोजावे. जो भाग इतरांपेक्षा लवकर व अधिक तापतो, त्याच्या आसपास दोष असण्याची शक्यता जास्त असते.

कन्नड परिसरातील परिस्थिती

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील कन्नड तालुक्यात या प्रश्नाला काही स्थानिक कारणे आहेत. तालुक्याच्या उत्तरेस सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग असून गौताळा-औट्रम घाट अभयारण्य तेथेच पसरले आहे. डोंगरपायथ्याची शेते उताराची असतात. उतारावर कवचातील तेल एका बाजूला सरकते. पातळी थोडी जरी कमी असेल, तरी गाळणीचे तोंड उघडे पडून पंप हवा ओढू लागतो.

कापूस, मका, ऊस आणि आले ही या भागातील महत्त्वाची पिके आहेत. आल्यासाठी गादीवाफे तयार करण्याचे आणि खरिपापूर्वी रोटाव्हेटर फिरवण्याचे काम मे-जूनमध्ये येते. तेव्हा दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास असते. यंत्रणा थंड होणे हे तेल आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असल्याने हवा १५ अंशांनी अधिक उष्ण असली, की तेवढ्याच कामाला तेलही साधारण तितकेच अधिक तापते. हिवाळ्यात झाकून राहिलेला दोष उन्हाळ्यात उघड होण्याचे कारण हेच.

शेते लहान असली की वळणे वाढतात. पन्नास मीटर लांबीच्या तासांत ताशी ३ किलोमीटर वेगाने चालणारा ट्रॅक्टर दर मिनिटाला एका टोकाला पोहोचतो. वळणाचा वेळ धरता तासाला ५० वेळा अवजार उचलावे लागते. लिफ्टची जुळणी बिघडल्यामुळे प्रत्येक वळणावर रिलीफ झडप केवळ १० सेकंद सुटत राहिली, तरी तासाला आठ मिनिटांहून अधिक काळ ४.५ किलोवॅटची शेगडी तेलात पेटल्यासारखे होते.

महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर व त्यांची उपसाधने ९० टक्के अनुदानावर दिली जातात. असा ट्रॅक्टर अनेकांच्या हातून चालतो. तेल कोणी, केव्हा आणि कोणते टाकले याची नोंद ठेवली नाही, तर बिघाडाचे मूळ शोधणे कठीण होते.

कारणे

तेलाची कमतरता व हवा: पातळी कमी झाल्यास उरलेले तेल अधिक वेळा फिरते आणि त्याला थंड होण्यास अवधी मिळत नाही. तेलात हवा मिसळली की फेस येतो, पंप कर्कश आवाज करतो आणि उचल धक्के घेत होते. उलटणारी ट्रॉली जोडलेली असल्यास तिचा सिलिंडर भरण्यासाठी ट्रॅक्टरमधील तेल वापरले जाते. ट्रॉली वर असताना गाळणी उघडी पडेल इतके तेल बाहेर जाता कामा नये.

अयोग्य तेल: एकाच टाकीतील तेल गिअर, ब्रेक व हायड्रॉलिक या तिन्हींसाठी असते, तेव्हा उत्पादकाने सांगितलेले बहुउपयोगी ट्रॅक्टर-तेलच वापरावे लागते. केवळ गिअरपेटीसाठी असलेले ‘९० नंबर’चे दाट तेल टाकल्यास पंपाला ते ओढणे जड जाते, फार पातळ तेल झिजलेल्या फटींतून परत निसटते. दोन्ही प्रकारांत उष्णता वाढते.

तुंबलेली गाळणी: धूळ, धातूचा कीस आणि जुन्या सीलचे तुकडे जाळीत अडकतात. पंपाला पुरेसे तेल न मिळाल्याने त्यात पोकळ्या तयार होऊन फुटतात आणि पंपाचे पृष्ठभाग खरवडले जातात. थंड यंत्रणा सुरू करताच घरघर ऐकू येणे हे याचे ठळक लक्षण होय.

लिव्हरची बिघडलेली जुळणी: अवजार पूर्ण वर आल्यावर आतील कडी नियंत्रण झडपेला आपोआप तटस्थ स्थितीत आणते. लिव्हरचा अटकाव सरकला असेल किंवा कडी वाकली असेल, तर भुजा टोकाला टेकूनही तेल सिलिंडरकडे जात राहते आणि रिलीफ झडप शिटी मारल्यासारखा आवाज करते. लिव्हर किंचित खाली घेताच आवाज थांबला, तर दोष बहुधा या जुळणीत असतो.

बाहेरील नळ्यांची जोडणी: झटपट जोडणीचे दोन्ही भाग पूर्ण बसले नाहीत, तर त्यांतील छोट्या झडपा अर्धवट उघडतात आणि तेलाचा मार्ग अडतो. बाहेरील झडपेचा लिव्हर दोरीने बांधून ठेवणे किंवा ट्रॉली पूर्ण वर गेल्यावरही तो ओढून धरणे यामुळे रिलीफ झडप सतत सुटते.

सिलिंडर किंवा झडपेतील गळती: दट्ट्याचा सील झिजला की उचललेले अवजार हळूहळू खाली येते आणि नियंत्रण झडप ते पुन्हा वर घेते. हा ‘नाच’ चालू असतो, तोपर्यंत पंपावरचा भार सुटत नाही.

रिलीफ झडपेतील दोष: बैठकीत कचरा अडकल्यास किंवा स्प्रिंग मऊ पडल्यास झडप कमी दाबालाच सुटते. जड अवजार उचलत नाही आणि तेल मात्र तापते.

झिजलेला पंप: दात आणि कवच यांतील फट वाढल्याने दाबाखालचे तेल पंपातल्या पंपात मागे फिरते. थंड असताना उचल ठीक, पण तासाभराने मंद, असे याचे स्वरूप असते.

थंड होण्यात अडथळा: कवचावर साचलेला चिखल, तेलकट धूळ व पाचट उष्णता बाहेर पडू देत नाहीत. तेल थंड करणारी स्वतंत्र जाळी असल्यास तिच्या पट्ट्यांत कचरा अडकलेला नसावा.

हायड्रॉलिकेतर कारणे: तेल सामायिक असल्याने अर्धवट सुटलेला हातब्रेक, घासणारा पायब्रेक किंवा गिअरपेटीतील खराब बेअरिंगही त्याच तेलाला तापवू शकते. अवजार न वापरता केवळ रस्त्यावर ट्रॅक्टर चालवूनही तेल तापत असेल, तर आधी ब्रेकची तपासणी करावी.

दोष शोधण्याचा क्रम

कमी खर्चाच्या आणि काहीही न उघडता होणाऱ्या तपासण्या प्रथम कराव्यात.

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, अवजार खाली टेकवून, इंजिन बंद करून थोड्या वेळाने तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी, फेसाळ दिसल्यास हवा, काळे व जळक्या वासाचे असल्यास आधीच झालेला अतिताप सूचित होतो.

२. शेवटी टाकलेल्या तेलाचा प्रकार आणि तारीख विचारावी. पुस्तिकेतील निर्देशाशी ते जुळते का, ते पाहावे.

३. बाहेरील सर्व नळ्या व अवजारे सोडून ट्रॅक्टर चालवावा. तापणे थांबले, तर दोष जोडणीत किंवा अवजारात आहे.

४. लिफ्ट पूर्ण वर नेऊन आवाज ऐकावा. शिटी येत असल्यास लिव्हर थोडा खाली घेऊन फरक पाहावा.

५. अवजार उचलून, आजूबाजूला व खाली कोणी नाही याची खात्री करून, इंजिन बंद करावे. उतरण्याचा वेग ठरवणारी नॉब उघडी असावी. ती बंद असल्यास चाचणी फसवी ठरते. भार लवकर खाली आला, तर सिलिंडर किंवा त्याची झडप गळकी आहे. या चाचणीत पंप थांबलेला असल्याने दोष त्याच्याकडे जात नाही.

६. भार टिकून राहतो, पण गरम झाल्यावर उचल मंदावते, असे दिसल्यास गाळणी काढून तपासावी. जाळीत धातूचा चमकता कीस सापडणे ही पंप किंवा गिअर झिजल्याची खूण होय.

७. या सर्व गोष्टी ठीक असल्यासच दाबमापक व प्रवाहमापक लावून रिलीफ झडप आणि पंप यांची चाचणी करावी. दाब वाढत गेल्यावर पंपाचा प्रवाह फार घटत असेल, तर पंप झिजला आहे. हे काम प्रशिक्षित कारागिराचे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ या अभ्यासक्रमात त्याचे शिक्षण दिले जाते.

एका वेळी एकच बदल करून पुन्हा चाचणी घेणे महत्त्वाचे असते. तेल, गाळणी आणि पंप एकदम बदलल्यास मूळ कारण कळत नाही. जुन्या पंपाचा कीस यंत्रणेत तसाच राहिल्यास नवा पंपही त्याच मार्गाने जातो.

चुकीचे उपाय

उचल कमी पडते म्हणून रिलीफ झडपेखाली वॉशर घालून किंवा तिचा स्क्रू आवळून दाब वाढवला जातो. त्यामुळे मूळ गळती तशीच राहते, उष्णता वाढते आणि नळी अथवा कवच फुटण्याचा धोका निर्माण होतो. तापलेल्या कवचावर थंड पाणी ओतल्यास ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. शिवाय हवा येण्या-जाण्याच्या छिद्रातून पाणी तेलात शिरू शकते. हे छिद्र धुळीने बंद झाल्यास आतील दाब वाढून सीलमधून तेल बाहेर येते. सील वारंवार बदलूनही गळती थांबत नाही.

सुरक्षितता

तापलेले तेल त्वचा क्षणात भाजते. ते काढण्यापूर्वी यंत्रणा निवू द्यावी. अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून आणि लिव्हर मागे-पुढे हलवून उरलेला दाब सोडल्याशिवाय कोणतीही जोडणी सैल करू नये. केवळ लिफ्टच्या भरवशावर उचललेल्या अवजाराखाली जाणे जीवघेणे ठरू शकते. सील कोणत्याही क्षणी दगा देऊ शकतो. अवजाराखाली भक्कम ठोकळे किंवा घोडी लावावी.

नळीतील गळती हाताने चाचपणे विशेष धोक्याचे आहे. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार त्वचेखाली शिरते. जखम बारीक दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. परंतु आतील ऊती मरू लागतात आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. तेल त्वचेत शिरल्याची नुसती शंका आली, तरी तातडीने रुग्णालयात जाऊन जखम दाबाखालील तेलाची असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

देखभाल

नव्या ट्रॅक्टरची पहिली देखभाल साधारणतः ५० तासांनंतर होते. सुरुवातीच्या काळात गिअरांचा कीस अधिक निघत असल्याने तेव्हा गाळणी साफ करणे महत्त्वाचे असते. त्यानंतरचे अंतर पुस्तिकेत दिलेले असते. धुळीत किंवा चिखलात काम जास्त असल्यास ते कमी करावे. तेल भरण्यापूर्वी झाकणाभोवतीची माती पुसावी, भांडे व नरसाळे स्वच्छ ठेवावे आणि झटपट जोडण्यांना टोपणे लावावीत. टायर, ट्रॅक्टर व अवजार यांची क्षमता परस्परांशी जुळणारी असावी. काढलेले जुने तेल विहीर, नाला किंवा शेतात न ओतता बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे.

ट्रॅक्टरसोबत एक वही ठेवून तिच्यात कामाचे तास, तेलाचा प्रकार, भरलेले प्रमाण आणि दिसलेली लक्षणे नोंदवणे उपयुक्त ठरते. दोन वेळा तेल भरण्यातील अंतर घटत असल्याचे वहीवरून दिसले, तर गळती तापमान वाढण्यापूर्वीच लक्षात येते.